मॉडेल तर तयार आहे, मग स्क्रीनला तीन आठवडे कशाला?

आम्ही दवाखान्यांसाठी केसपेपरच्या कॉम्प्युटर स्क्रीन बनवतो, आणि हा प्रश्न दर आठवड्याला फोनवर येतोच. "ओपनईएचआरची मॉडेल्स फुकट मिळतात, आमच्या आयटीवाल्याने उतरवून पण ठेवलीत, तुम्ही फक्त फॉर्म करून द्या." ओपनईएचआर म्हणजे पेशंटच्या नोंदी कशा साठवायच्या याचं खुलं मानक, आणि मॉडेल म्हणजे त्यातला बीपी, ॲलर्जी अशा एकेका नोंदीच्या रकान्यांचा तयार आराखडा. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय, काम देण्याआधी प्लीज वाचा.

साधं बीपी घ्या. तुमच्या केसपेपरवर त्याला अर्धी ओळ लागते, १३०/८०, संपलं. मॉडेलमध्ये मात्र वरचं, खालचं, मीन, पल्स प्रेशर, पेशंट उभा होता की बसलेला की आडवा, कफ कुठल्या साइजचा, कुठल्या हाताला लावला, मशीन कुठलं, असे रकानेच रकाने, कारण ते आयसीयूवाल्याला पण पुरलं पाहिजे आणि रिसर्चवाल्याला पण. त्यावरून आपोआप फॉर्म काढणारी टूल्स आहेत, आम्ही पण वापरतो, पण ती सगळे रकाने एकाखाली एक लावून मोकळी होतात. बाहेर चाळीस पेशंट बसलेत आणि नर्सने बीपीसाठी दोनदा स्क्रोल करायचं, हे होत नाही हो. दुसऱ्या दिवशीपासून ती वहीत लिहायला लागते.

आणि काही ठिकाणी हेच मॉडेल फार मोकळं असतं. वरच्या बीपीला ० पासून १००० च्या आतला कुठलाही आकडा चालतो. घाईत १३० चं २३० झालं तर मॉडेल काही बोलणार नाही, स्क्रीननेच विचारलं पाहिजे "२३० बरोबर आहे का?" विचारायचं फक्त, अडवायचं नाही, कारण २३० खरंच असू शकतं आणि तोच पेशंट आधी आत घ्यायचा असतो. तसंच ॲलर्जीचं. रकाना रिकामा म्हणजे ॲलर्जी नाही असं नसतं, कदाचित कोणी विचारलंच नसेल. "विचारलं, नाही म्हणाले" याचं वेगळं बटण आम्ही तुम्ही न मागता देतो.

आता सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो ते. स्क्रीनवर एखादी गोष्ट खटकली की लोक आम्हाला न सांगता मॉडेलमध्येच हात घालतात. गेल्या वर्षी एका क्लिनिकच्या कामात त्यांच्या आयटीवाल्याने पोझिशनची यादी काढून तिथे साधा टेक्स्ट बॉक्स टाकला, का तर नर्सला यादी उघडायचा कंटाळा. यादीतून "बसून" निवडलं की आत एटी१००१ हा कोड जातो, मग स्क्रीन मराठी असो नाहीतर इंग्रजी. बॉक्समध्ये काय आलं? "बसून", "बसुन", "सिटिंग", "खुर्चीत". दोन महिन्यांनी डॉक्टरांना उभं राहिल्यावर बीपी पडणारे वयस्कर पेशंट शोधायचे होते आणि एक पण नीट सापडेना. आमची दोन माणसं आठ दिवस एकेक नोंद बघून कोड लावत बसली, आणि जिथे नुसतं "ओके" लिहिलं होतं तिथे काहीच करता आलं नाही. कंटाळ्यावर उपाय साधा होता, यादीच्या जागी "बसून" आणि "उभं" अशी दोन मोठी बटणं, एका दिवसाचं काम.

म्हणून लेबल बदला, रकाना लपवा, वरचा खाली न्या, हे फोनवर सांगा, त्याच दिवशी करून देतो. ते सगळं टेम्प्लेटमध्ये, म्हणजे मॉडेलवरच्या तुमच्यापुरत्या थरात होतं, मूळ मॉडेलला धक्का लागत नाही. पण रकान्याचा प्रकार, यादीतले पर्याय, युनिट, यातलं काहीही बदलायचं असेल तर कितीही छोटं वाटलं तरी आधी बोला. आम्ही फार अडून बसतो असं काही जण म्हणतात. अडतो, कारण उद्या तुम्हाला आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे आरोग्याची रेकॉर्ड एकमेकांना जोडणाऱ्या सरकारी योजनेला, जोडून घ्यायचं असेल तर तिकडे रेकॉर्ड एफएचआयआर या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या फॉर्मॅटमध्ये द्यावं लागतं, त्याचे नियम आपल्या पुण्यातल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र काढतं, आणि कोड असलेली नोंद तिथे नीट बसते, "खुर्चीत" बसत नाही. स्नोमेड सीटी, म्हणजे आजार, तपासण्या वगैरेंची आंतरराष्ट्रीय कोडयादी, तिच्या कोडसाठी पैसे पडतील अशी पण भीती असते बऱ्याच जणांना. २०१४ पासून भारत ती यादी काढणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे, इथे वापरायला फी नाही.

येताना मॉडेलची फाइल नसली तरी चालेल, ती आमच्याकडे आहे. नावं झाकून दहा भरलेले केसपेपर आणा, डाग पडलेले, खाडाखोड केलेले असले तर जास्त बरं, त्यातून कळतं खरं काय लिहिलं जातं आणि काय कायम रिकामं राहतं. सोबत एवढं सांगा की पेशंट आल्यापासून पहिला हात कोणाचा लागतो, रिसेप्शनचा, नर्सचा की डॉक्टरांचा. तीन आठवड्यांतला पहिला आठवडा याच्यातच जातो आणि तिथे घाई केलेली आम्हाला आजवर परवडलेली नाही.

पहिली भेट आणि तुमच्या ओपीडीत अर्धा दिवस बसून बघणं याचे पैसे घेत नाही. शक्यतो सोमवारी सकाळी बोलवा, गर्दी असते तेव्हाच दिसतं नर्सचा हात कुठे अडतोय ते.