अमेरिकी टन आणि ब्रिटिश टन: फरक नेमका कुठे पडतो?
अमेरिकी टन ब्रिटिश टनापेक्षा हलका असतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. तो हलका का, असे विचारले की मात्र ‘अमेरिकेचा पौंडच लहान आहे’ हे ठाम उत्तर हमखास मिळते आणि ते साफ चूक आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात १९५९ साली जो करार झाला, त्यानुसार पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. त्याआधी दोन्ही पौंडांत जो फरक होता, तो प्रयोगशाळेबाहेर कुणाला जाणवलाही नसता.

मेट्रिक टन १,००० किलोंचा, हे सांगायला नको.

खरी मेख पौंड आणि टन यांच्या मधल्या पायरीत, म्हणजे हंड्रेडवेटमध्ये आहे. दोन्ही देशांत २० हंड्रेडवेटचाच एक टन होतो. पण ब्रिटिश हंड्रेडवेट १४ पौंडांच्या ८ स्टोनचे, म्हणजे ११२ पौंडांचे असते, तर अमेरिकी हंड्रेडवेट सरळ १०० पौंडांचे. हेच १२ पौंड वीसपट झाले की २४० पौंड होतात. म्हणून अमेरिकी किंवा शॉर्ट टन २,००० पौंडांचा, ९०७.१८ किलोंचा भरतो आणि ब्रिटिश किंवा लाँग टन २,२४० पौंडांचा, १,०१६.०५ किलोंचा. लाँग टन मेट्रिक टनाच्या इतका जवळ आहे की ढोबळ हिशेबात तो चालून जातो. शॉर्ट टन मात्र नऊ टक्क्यांहून अधिक कमी असतो, आणि तरीही ‘टन म्हणजे साधारण हजार किलो’ असे बिनदिक्कत लिहिले जाते, याची मला मनस्वी चीड येते.

आकडा अमेरिकेतून आला म्हणजे टन शॉर्टच असणार, असेही गृहीत धरू नये. १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल करारावर अमेरिकेचीही सही होती, पण त्यात टन २,२४० पौंडांचा ठरवलेला होता. त्यातील युद्धनौकांची ३५,००० टनांची मर्यादा म्हणजे सुमारे ३५,५६० मेट्रिक टन. शॉर्ट टन समजून वाचल्यास ती ३१,७५० वर येते आणि जहाज कागदावरच जवळपास ३,८०० मेट्रिक टनांनी हलके होते. म्हणून टनाच्या प्रत्येक आकड्यापुढे शॉर्ट, लाँग किंवा मेट्रिक हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे, आणि मूळ मजकुरात ते नसेल, तर रूपांतर करण्याआधी शोधून काढले पाहिजे.

भावाच्या रूपांतरात तर जाणकारही चुकतात. शिकागोच्या वायदेबाजारात सोयापेंडीचा भाव शॉर्ट टनामागे डॉलरमध्ये सांगतात. वजन मेट्रिक टनांत आणताना ०.९०७१८ ने गुणायचे, हे पाठ असल्यामुळे भावालाही त्यानेच गुणले जाते. वास्तविक मेट्रिक टनात माल जास्त असतो, त्यामुळे त्याचा भावही जास्तच यायला हवा. म्हणजे येथे भागायचे असते. शॉर्ट टनाला ३०० डॉलर भाव असेल, तर मेट्रिक टनाला सुमारे ३३०.६९ डॉलर होतात. चुकून गुणले, तर उत्तर २७२.१५ येते आणि दर मेट्रिक टनामागे साडेअठ्ठावन्न डॉलरची चूक होते.