मोफत क्रिप्टो वॉलेट सॉफ्टवेअरसाठी पैसा उभा करायचे नैतिक मार्ग

क्रिप्टो वॉलेट म्हणजे प्रायव्हेट की (नाणी खर्च करायचा गुप्त कोड) सांभाळणारं आणि तिने व्यवहारावर सही करणारं सॉफ्टवेअर. नाणी त्यात नसतात, ती ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत असतात. मुक्त वॉलेटचा कोड कुणालाही वाचता, बदलता, वाटता येतो आणि बहुतेक वेळा ते फुकट मिळतं, पण बनवणाऱ्याला ते फुकटात पडत नाही, त्याचा वेळ, सर्व्हर, सिक्युरिटी ऑडिट, सतत अपडेट हे सगळं कुणाच्या तरी खिशातून जातं. तो खिसा कुणाचा आणि वापरणाऱ्याला ते माहीत आहे का, खरा प्रश्न हा आहे.

पैसा नसला की काय होतं ते २०१८ मध्ये दिसलं. इव्हेंट-स्ट्रीम नावाची एक जावास्क्रिप्ट लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरायचा तयार कोड) एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता, त्याला स्वतःला आता ती लागतही नव्हती, म्हणून मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ती दिली. त्या माणसाने तिच्यात चोरटा कोड घुसवला, तो फक्त ती लायब्ररी वापरणाऱ्या कोपे नावाच्या वॉलेटमध्ये जागा व्हायचा आणि १०० हून जास्त बिटकॉइन असलेल्या खात्यांच्या की शोधायचा. मला वाटतं दोष त्या थकलेल्या माणसाला देण्यापेक्षा त्याच्या फुकट कामावर धंदा उभारणाऱ्या सगळ्यांना द्यायला हवा.

सगळ्यात स्वच्छ मार्ग देणगीचा. ओपनसॅट्ससारख्या संस्था ग्रँट, म्हणजे कामासाठी अनुदान देतात. मोनेरो या क्रिप्टो नाण्याच्या प्रकल्पात डेव्हलपर आधी कामाचा प्रस्ताव मांडतो, लोक चर्चा करून पैसे टाकतात आणि काम जसं टप्प्याटप्प्याने पूर्ण होईल तसे ते सुटतात. पण जमलेला पैसाही नीट राखावा लागतो, सप्टेंबर २०२३ मध्ये याच फंडातून सुमारे २,६७५ मोनेरो चोरीला गेले. झीकॅश या दुसऱ्या नाण्याने वेगळी वाट धरली, सुरुवातीपासून ब्लॉक रिवॉर्डचा (दर ब्लॉकमागे तयार होणाऱ्या नव्या नाण्यांचा) २० टक्के हिस्सा विकासासाठी बाजूला काढला, त्यावर वाद झाले, पण नियम प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे नाण्याच्या मूळ नियमांतच लिहिलेला, सगळ्यांसमोर. ट्रेझर ही कंपनी की सांभाळणारं छोटं उपकरण विकते आणि त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा (फर्मवेअरचा) कोड खुला ठेवते, यात मला तरी काही खटकत नाही.

मग येते स्वॅपवरची, म्हणजे वॉलेटमध्येच एक नाणं देऊन दुसरं घेण्यावरची फी. मेटामास्क हे वॉलेट ०.८७५ टक्के घेतं आणि आकडा सांगून घेतं, त्यामुळे नको असेल तर दुसरीकडे जाता येतं. पण ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी लायसन्सही बदललं, महिन्याला १०,००० हून जास्त युजर असलेल्या व्यावसायिक वापरासाठी वेगळा करार लागतो, म्हणजे फोर्क करून (कोडची प्रत घेऊन वेगळं वॉलेट बनवून) फी काढून टाकायची मोकळीक आकसली, आणि फी वाजवी ठेवायला लावणारा मुक्त सॉफ्टवेअरमधला खरा धाक तोच असतो.

नैतिक नाहीच असे प्रकार म्हणजे युजरचे वॉलेट पत्ते आणि आयपी (इंटरनेट पत्ता) विकणं, आणि गुपचूप कमिशन. २०२० मध्ये ब्रेव्ह ब्राउझर क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप केल्यावर स्वतःचा रेफरल कोड (ग्राहक पाठवल्याचं कमिशन मिळवून देणारा) आपोआप जोडत होता, बोंब झाल्यावर माफी मागून ते बंद केलं. रेफरल वाईट नाही, न विचारता जोडणं वाईट. वॉलेटमध्ये तर अशी फी सही करायच्या स्क्रीनवर, ब्लॉकचेनला द्यायच्या नेटवर्क फीपासून वेगळ्या ओळीत, आकड्यासकट दिसली पाहिजे.