सेरेंगेटीतली ‘स्पेशल’ कॅम्पसाइट म्हणजे मोकळी जमीन

आपल्याकडे ‘स्पेशल’ म्हटलं की काय मिळणार ते सांगावं लागत नाही. स्पेशल चहात दूध जास्त, स्पेशल थाळीत एक गोड पदार्थ वाढीव, आणि दवाखान्यात स्पेशल रूम घेतली की संडास-बाथरूम खोलीतच. हाच अर्थ डोक्यात धरून लोक टांझानियाच्या कॅम्पिंग सफारीचं कोटेशन वाचतात. एका ओळीत ‘पब्लिक कॅम्पसाइट’, दुसऱ्या ओळीत ‘स्पेशल कॅम्पसाइट’, आणि दुसरीचा आकडा मोठा. मग घरात ठरतं: एकदाच जायचंय, आई-बाबा बरोबर आहेत, स्पेशलच घेऊ. गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार घरांतून मी हे ऐकलं आणि चारही वेळा तेच उत्तर दिलं. तिथल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातल्या स्पेशल कॅम्पसाइटवर संडास नसतो. नळ नसतो. दिवा, शेड, ओटा, काहीही नसतं.

पब्लिक कॅम्पसाइट समजावत बसायची गरज नाही. पवनेच्या काठी तंबूत एक रात्र काढली असेल तर ती तुम्हाला अर्धी माहीत आहे. सगळ्यांसाठी मिळून संडास, बहुतेक वेळा थंड पाण्याचे शॉवर, स्वयंपाकाची एक शेड, जेवायची एक शेड, मोकळ्या जागेत निरनिराळ्या गटांचे तंबू. सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेराला अशा साइट्स एकमेकींच्या जवळ आहेत आणि त्यांना स्वाहिलीतली प्राण्यांची नावं दिली आहेत. न्यानी म्हणजे बबून, न्गुचिरो म्हणजे मुंगूस, पिंबी म्हणजे खडकांत राहणारा सशाएवढा हायरॅक्स. शेड जाळीने बंद केलेल्या असतात. जाळीच्या आत माणसं जेवतात, बाहेर जंगल. संडासाच्या पाटीवर ‘चो’ हा स्वाहिली शब्द असतो, तेवढा लक्षात ठेवा. पवनेसारखे स्पीकर मात्र तिथे नाहीत, आणि ते नाहीत हे फार बरं आहे.

आता स्पेशल. टांझानियाची राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था ‘तानापा’ हा शब्द एका ठरावीक अर्थाने वापरते: ती जागा तेवढ्या रात्रींपुरती फक्त तुमच्या गटाला दिलेली असते. दुसरी कोणतीही गाडी तिथे तंबू ठोकायला येणार नाही. म्हणून ती आधी बुक करावी लागते आणि म्हणूनच तिचं शुल्क जास्त. हे जादा पैसे एकांताचे आहेत, सोयींचे नाहीत. मराठीत तिला सरळ ‘राखीव जागा’ म्हटलं असतं तर निम्मे गैरसमज झालेच नसते. रेल्वेचा राखीव डबा कोणी आलिशान समजत नाही.

मला हे फार उशिरा कळलं. पहिल्या खेपेला आम्ही सहा जण होतो आणि त्यात बासष्ट वर्षांची, गुडघ्याने त्रस्त असलेली माझी आत्या. ज्या कंपनीकडून सफारी घेतली होती तिने स्पेशल कॅम्पसाइट आम्हाला ‘अपग्रेड’ म्हणून विकली होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाडी मुख्य रस्ता सोडून गवतातल्या चाकोरीने दोन-तीन किलोमीटर गेली आणि एका छत्रीसारख्या बाभळीखाली थांबली. आत्याला वाटलं, कोणता तरी प्राणी दिसला. ती हळूच म्हणाली, “अगं, काय आहे? मला दिसत नाही.” चालक उतरला, मागचं दार उघडलं आणि तंबूचे खांब खाली काढायला लागला. तेव्हा तिला उमगलं. “म्हणजे हेच?” हेच होतं. दोन रात्रींसाठी आणि सहा माणसांसाठी पाण्याचे तीन कॅन होते, प्रत्येकी वीस लिटरचे, आणि त्यातच स्वयंपाक, भांडी आणि पिणं. संडासासाठी एक फावडं होतं. आडोशाचा तंबू आणायचा राहिला होता. सेरेंगेटीत रात्री गाडी हाकायला परवानगी नसते, त्यामुळे परत फिरणंही शक्य नव्हतं. आत्याने दोन दिवस जेमतेम घोट-घोट पाणी प्यायलं, उठावं लागू नये म्हणून. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, आणि ‘अपग्रेड’ हा शब्द या संदर्भात ऐकला की राग येतो.

गोंधळ एवढ्यावरच थांबत नाही. त्याला दुसरा पदर आहे आणि भल्याभल्यांची चूक तिथे होते. गाद्या, गरम पाण्याची बादली-शॉवर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण असे जे ‘मोबाइल कॅम्प’ इंटरनेटवरच्या फोटोंत दिसतात, त्यांतले कित्येक अशाच राखीव जागांवर उभारलेले असतात. म्हणजे फोटोही खरा आणि ‘स्पेशल कॅम्पसाइट’ हे नावही खरं. फक्त फोटोतलं सगळं सामान कंपनीने ट्रकने आणलेलं असतं. जमीन सरकारची आणि सारखीच मोकळी. तिच्यावर संसार कोण आणि किती मांडतो यावर तुमचे दिवस कसे जाणार ते ठरतं. तिथे महागडा कॅम्पही लागतो आणि दोन माणसांचा घुमटी तंबूही लागतो. परमिटवर दोन्हींना शब्द एकच. म्हणून ‘आमची साइट स्पेशल आहे का?’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. जागेवर काय आणणार, हे विचारायचं.

विचारायचं म्हणजे नेमकं विचारायचं. माणशी दिवसाला किती लिटर पाणी धरलं आहे, पिण्याचं वेगळं आणि वापरायचं वेगळं? संडासाचा तंबू आहे का, आणि त्यात बसायला खुर्ची आहे की नुसता खड्डा? आपल्याकडच्या वयस्कर माणसांसाठी हा पहिला प्रश्न आहे आणि संकोचापायी तोच शेवटपर्यंत राहून जातो. आंघोळीचं पाणी कशावर तापवणार? सामानाची गाडी वेगळी आहे की सगळं आपल्याच गाडीच्या टपावर? वेगळी गाडी असेल तर ती पुढे जाऊन तंबू लावून ठेवते आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत प्राणी बघू शकता. नसेल तर चार वाजताच परतावं लागतं, म्हणजे बिबट्या दिसायची जी वेळ ती खुंट्या ठोकण्यात जाते. रात्री राखणीला माणूस, ज्याला तिथे ‘अस्कारी’ म्हणतात, आहे का? यांतल्या दोन प्रश्नांना जरी ‘बघू, होईल व्यवस्था’ असं उत्तर आलं, तर पब्लिक साइट घ्या. तिथे निदान भिंतीचा संडास आहे.

कुंपणाबद्दल एकदाच सांगते. दोन्हीकडे कुंपण नसतं. ‘पब्लिकला कंपाउंड असतं ना?’ हे मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलं जातं. नसतं. तरस दोन्हीकडे येतो, सिंह दोन्हीकडून जाऊ शकतो. नियमही तेच: अंधार पडल्यावर एकट्याने फिरायचं नाही, तंबूची चेन पूर्ण लावायची, आत खायचं काहीही ठेवायचं नाही, बूट बाहेर ठेवायचे नाहीत कारण तरस ते उचलून नेतो. रात्री उठावंच लागलं तर आधी आतूनच टॉर्च चारी बाजूंना फिरवायचा आणि चमकणारे डोळे दिसले तर चेन परत लावून गप्प पडायचं. फरक पडतो तो अंतराचा. पब्लिक साइटवर संडास पन्नास-साठ पावलांवर असू शकतो. नीट मांडलेल्या स्पेशल साइटवर तो तुमच्या तंबूच्या मागे दहा पावलांवर उभा करून घेता येतो. आजूबाजूला पन्नास माणसं आहेत म्हणून पब्लिक साइट सुरक्षित, हा समज सोडा. तिथे बबून जास्त धीट असतात, उघड्यावर ठेवलेली पिशवी दिवसाढवळ्या पळवतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पब्लिक साइटच्या शेडमध्ये पाच-सहा गटांचे स्वयंपाकी खांद्याला खांदा लावून रांधतात. शेजारच्या शेगडीवर मटण आणि तुमच्या शेगडीवर डाळ. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी स्पेशल साइट खरोखर सोयीची आहे, कारण स्वयंपाकी, भांडी, चूल सगळं तुमचंच. सफारी जिथून सुरू होते त्या अरुशा शहरातून निघतानाच वेगळी भांडी भरायला सांगा. डाळी-मसाले तिथे सहज मिळतात, शहरात भारतीय वस्ती जुनी आहे. चपातीचं तर बोलायलाच नको. स्वाहिलीतही तिला ‘चपाती’च म्हणतात, मैद्याची, पदर सुटणारी, तव्यावर तेल सोडून भाजलेली. आमच्या स्वयंपाक्याने ती उलटलेल्या पातेल्यावर बाटलीने लाटली होती आणि आत्याने तिसरी मागून घेतली.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. स्पेशलला बुकिंग लवकर लागतं, पब्लिकला फारशी अडचण येत नाही. उद्यानाचं प्रवेशशुल्क दोन्हीकडे वेगळं द्यावंच लागतं. स्पेशल साइटवरचा कचरा कणन्‌कण परत न्यावा लागतो. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे लाडू-भाकरवडी डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या. पावसाळ्यात आडबाजूच्या स्पेशल साइट्स टाळा, विशेषतः उद्यानाच्या पश्चिम पट्ट्यात. तिथली माती आपल्या विदर्भातल्या काळ्या कापसाच्या जमिनीसारखीच असते आणि चाक तितकंच रुततं.

सेरेंगेटीशेजारच्या न्गोरोंगोरोचा, म्हणजे प्राण्यांनी भरलेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड विवराचा, मुद्दा वेगळा काढते, कारण तिथे लोक वेगळ्याच कारणाने हाल काढतात. विवराच्या तळाशी तंबू लावता येत नाही. मुक्काम कड्यावर करावा लागतो. तिथली ‘सिंबा’ ही पब्लिक साइट समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा खूपच वर. जून ते ऑगस्ट तिथे कडाक्याची थंडी असते आणि तंबूही दाटीवाटीने लागलेले असतात. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून पातळ चादर घेऊन गेलेली कुटुंबं मी तिथे रात्रभर गाडीत बसलेली पाहिली आहेत. जाड स्लीपिंग बॅग आणि कानटोपी न्याच.

माझं मत ठाम आहे. पहिल्या दोन रात्री सेरोनेराच्या पब्लिक साइटवर काढा. तंबूत झोप लागते का, रात्रीच्या आवाजांची भीती जाते का, घरातल्या कोणाला काय झेपतं, हे तिथे कळतं, आणि चुकलं तरी आधाराला माणसं असतात. त्यानंतर स्पेशल घ्या, पण सलग दोन रात्रींपेक्षा कमी घेऊ नका. एका रात्रीसाठी सगळा संसार मांडायचा आणि सकाळी उचलायचा, यात हाती फक्त धावपळ लागते. आणि स्पेशल घ्यायची तर अशा ठिकाणी घ्या जिथे एकांताला किंमत आहे: फेब्रुवारीत दक्षिणेला न्दुतूजवळ, जिथे काही आठवड्यांत विल्डबीस्टची (कळपाने चरणाऱ्या, शिंगं असलेल्या मोठ्या हरणवर्गी प्राण्याची) लाखो वासरं जन्मतात, नाहीतर जुलैनंतर उत्तरेला मारा नदीच्या बाजूला. सेरोनेराच्या जवळच स्पेशल घेण्यात मला अर्थ दिसत नाही. दिवसभर तिथे गाड्यांचीच वर्दळ असते.

तीन वर्षांनी आत्या परत आली. न्दुतूला, फेब्रुवारीत, स्पेशल साइटवरच. या वेळी प्रश्न मी सगळे आधी विचारले होते. वेगळी गाडी सकाळीच पुढे गेली होती. संडासाच्या तंबूत खुर्ची होती, शेजारी राखेचा डबा आणि डाव. फांदीला कॅनव्हासची पिशवी टांगून तिला खाली झारी लावली होती, आणि आत्याने सहा दिवसांत पहिल्यांदा कढत पाण्याने आंघोळ केली. रात्री साडेनऊला कंदील विझवले. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला, पावसाळ्यात भरलेल्या खाचरातून बेडूक ओरडतात तसा, पण खोल आणि चहूबाजूंनी. विल्डबीस्ट चरत चरत आमच्यात शिरले होते. गवत तोडल्याचा आवाज कापडाच्या पलीकडे, उशीपासून हातभर अंतरावर येत होता. एकाची शेपटी तंबूला घासून गेली. आत्याने अंधारात माझं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. ती काही बोलली नाही, मीही नाही. सकाळी तंबूच्या दोऱ्यांच्या मधल्या धुळीत खुरांचे ठसे होते, मोठे आणि त्यांना चिकटून अगदी छोटे. एकही दोरी सुटलेली नव्हती.