सर्व्हरने नेमकं काय पाठवलं?

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडला की सर्व्हर आणि पानावरचं जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) एकमेकांना काय पाठवतात ते ओळीने दिसतं. ही सोय बरीच उशिरा आली. देवाणघेवाण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

तिची सुरुवात मायक्रोसॉफ्टमध्ये झाली. आउटलुकची मेल ब्राउझरमध्ये वाचताना दर क्लिकला अख्खं पान पुन्हा यायला नको, म्हणून एक्सचेंज या मेल सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी एक छोटा घटक लिहिला. १९९९ मध्ये तो इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर बाहेर पडला. त्याला जागा मिळाली एक्सएमएलच्या, म्हणजे खुणांमध्ये डेटा लिहायच्या पद्धतीच्या, लायब्ररीत, म्हणून ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ या त्याच्या नावात एक्सएमएल आलं. हा घटक आणि एक्सएमएल यांचं नातं भाडेकरू आणि घरमालकाइतकंच! पुढे मोझिलानेही तीच सोय दिली, २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं.

डेटा एक्सएमएलऐवजी जेसनमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्याच धाटणीच्या साध्या मजकुरात, पाठवायची चाल रुळली, तिच्या जन्मातच एक बग आहे. जेसन रूढ करणारे डग्लस क्रॉकफर्ड यांनी सांगितलेली हकिगत अशी, की २००१ मध्ये त्यांनी पाठवलेला पहिलाच संदेश फसला. त्यातल्या एका कीचं (माहितीला दिलेल्या लेबलचं) नाव होतं ‘डू’, आणि हा जावास्क्रिप्टचा राखीव शब्द. राखीव शब्दांची यादी सांभाळत बसण्यापेक्षा प्रत्येक की अवतरणचिन्हांतच लिहायची, असं मग ठरलं. आज अवतरणचिन्ह राहिलं की पार्सर (मजकूर वाचून त्याचा डेटा करणारा कोड) अडून बसतो, तो या फसलेल्या संदेशामुळे.

त्या काळी चूक शोधायला हाताशी होतं ‘अलर्ट’. आलेला मजकूर एका खिडकीत दाखवायचा, ओके दाबायचं, पुन्हा पान लोड करायचं. लूपमध्ये चुकून अलर्ट राहिला तर ओके दाबून दाबून बोटं दुखायची. २००३ मध्ये एरिक लॉरेन्स यांचं फिडलर आलं. ते मध्ये बसून सगळी वाहतूक दाखवायचं, पण होतं ब्राउझरच्या बाहेर. खरा बदल केला तो जो हेविट यांच्या फायरबगने, फायरफॉक्समध्येच बसणाऱ्या साधनाने, २००६ मध्ये. प्रत्येक विनंती कन्सोलमध्ये एका ओळीत दिसायची, ती उघडली की हेडर, पाठवलेला डेटा, आलेलं उत्तर. ‘सर्व्हर बरोबर पाठवतोय’, ‘नाही, ब्राउझरच चुकतोय’ हा दोन टेबलांमधला वाद तिथेच मिटायचा.

आणि बहुतेकदा दोष सापडायचा पहिल्याच अक्षरात. जेसन अपेक्षित असताना उत्तर कोनी कंसाने (<) सुरू झालं, तर समजायचं की सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेतल्या कोडने आधी एखादी वॉर्निंग एचटीएमएलमध्ये छापली आहे, नाहीतर लॉगिन संपून लॉगिनचं पानच परत आलं आहे.

मराठी साइट करणाऱ्यांना आणखी एक भूत छळायचं. नोटपॅडमध्ये देवनागरी टिकवायची तर फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात सेव्ह करावी लागे, आणि जुनं नोटपॅड तेव्हा सुरुवातीला तीन बाइट गुपचूप चिकटवायचं. पीएचपी ते बाइट जेसनच्या आधीच बाहेर ढकलत असे. काही पार्सर ते मुकाट गिळायचे, काही अडायचे, आणि स्क्रीनवर तर काहीच दिसायचं नाही.

जेसन एन्कोड करण्याची सोय पीएचपी ५.२ मध्ये आली, तीही मराठी अक्षरांची सांकेतिक क्रमांकांत रूपांतरं करून पाठवायची. फायरबगमध्ये ते आकडे पाहून डेटाबेसच बिघडला, असं वाटून घाबरलेले कमी नसतील. प्रत्यक्षात ब्राउझर ते नीट वाचत होता. अक्षरं जशीच्या तशी पाठवायचा पर्याय २०१२ मध्ये, ५.४ आवृत्तीत आला.

उलटही घडतं. जावास्क्रिप्टची साधी संख्या पूर्णांक बिनचूक ठेवू शकते ती दोनच्या ५३व्या घातापर्यंतच. ट्विटरचे नवे आयडी त्यापलीकडे जाणार होते. सर्व्हरने बरोबर आकडा पाठवला तरी पार्स होताना शेवटचे अंक बदलायचे, आणि दिसायला आकडा अगदी साजूक. म्हणून २०१० मध्ये ट्विटरने तोच आयडी मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये आजही ‘प्रिव्ह्यू’ पार्स झालेलं दाखवतो आणि ‘रिस्पॉन्स’ आलेला मूळ मजकूर. अशा वेळी मी आधी ‘रिस्पॉन्स’ उघडतो.