गल्ली अरुंद, रॅक उंच: यांत्रिक गोदामाचं गणित

गोदामाचं भाडं चौरस फुटांवर ठरतं आणि साध्या गोदामात सर्वांत जास्त चौरस फूट खातात त्या गल्ल्या. मागे वजन लावलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टला पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) उचलून काटकोनात वळायला साडेतीन ते चार मीटर लागतात. यांत्रिक गोदामात माल ठेवणारी-काढणारी, रुळावर धावणारी स्टॅकर क्रेन वळतच नाही. तिचे काटे दोन्ही बाजूंच्या रॅकमध्ये सरकतात, त्यामुळे दीड मीटरच्या आसपासची गल्ली तिला पुरते आणि रॅक 30-40 मीटर उंच नेता येतात. जर्मनीत ग्युटर्सलोहला बर्टेल्समान या प्रकाशन कंपनीने 1962 मध्येच असं उंच गोदाम उभारलं होतं.

जागेचा दुसरा अपव्यय सहज दिसत नाही. प्रत्येक मालाला ठरलेली जागा दिली, तर ती त्याच्या जास्तीत जास्त साठ्याएवढी ठेवावी लागते. नवा माल आला की ती भरते, पुढे विक्रीबरोबर रिकामी होत जाते. सरासरीने जवळपास निम्मी मोकळीच. संगणक मिळेल त्या खणात माल ठेवतो आणि पत्ता लक्षात ठेवतो. यासाठी क्रेन लागत नाही. भिवंडीतल्या पत्र्याच्या शेडमध्येही बारकोड स्कॅनर आणि सॉफ्टवेअरवर हे जमतं, आणि आधी तेच करावं.

क्रेनचे नखरे पॅलेटपासून सुरू होतात. फळी तुटलेली असली तर फोर्कलिफ्टवाला काटा थोडा सरकवून वेळ निभावतो; वीस मीटरवर क्रेनला ते जमत नाही. म्हणून आत जाण्याआधी प्रकाशकिरणांच्या चौकटीत प्रत्येक पॅलेटची उंची-रुंदी तपासतात, वजनही करतात. खोकं बाहेर आलेलं असेल तर पॅलेट परत. गुंडाळलेल्या प्लास्टिकचं लोंबणारं टोक किरणाच्या आड आलं तरी परत! सोफे, पाइप, वेड्यावाकड्या पेट्या यांच्यासाठी साधं गोदामच बरं.

वेगालाही मर्यादा आहे. जाताना एक पॅलेट ठेवायचं, येताना दुसरं आणायचं, अशा दुहेरी फेऱ्या तासाला साधारण 20 ते 30 होतात. दिवाळीआधी काम दुप्पट झालं तर जादा फोर्कलिफ्ट भाड्याने येते, क्रेन येत नाही. शिवाय गल्लीत क्रेन एकच असेल आणि ती बंद पडली, तर त्या गल्लीतला सगळा माल अडकतो. म्हणून खपाचा माल एका गल्लीत न साठवता अनेक गल्ल्यांत वाटून ठेवतात.