स्पर्शविरहित नेत्रदाबमापन

डोळ्याला काहीही न टेकवता, हवेच्या झोताने डोळ्याच्या आतील दाब मोजण्याची पद्धत. यासाठीच्या यंत्राला नॉन-कॉन्टॅक्ट टोनोमीटर किंवा थोडक्यात एनसीटी म्हणतात. तपासणी करून आलेल्यांच्या लक्षात मात्र राहते ती डोळ्यावर अवचित बसलेली फुंकर.

डोळ्याच्या पुढच्या भागात नेत्रजल (डोळ्याच्या आतले पाणी, अश्रू नव्हे) सतत पाझरते आणि निचरून जाते. निचरा अडला की दाब चढतो, आणि चढलेला दाब हा काचबिंदूचा मोठा धोका असतो. साधारण दाब 10 ते 21 मिमी पारा धरतात. यातला 21 हा आकडा सर्वेक्षणांतील सरासरीत प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाची, दुप्पट मिळवून आलेला आहे. तिथे दृष्टीची चेता (नस) दगावू लागते असे नाही.

हान्स गोल्डमान यांनी 1950 च्या दशकात आणलेला टोनोमीटर आजही प्रमाण मानला जातो. त्यात डोळा थेंबांनी बधिर करून पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, 3.06 मिमी व्यासाचा भाग दाबून सपाट करतात. बर्नार्ड ग्रोलमन यांनी अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीत हेच काम हवेवर सोपवले. त्यांचे यंत्र 1972 मध्ये पुढे आले. झोताचा जोर वाढत जातो, पारपटल क्षणभर सपाट होते आणि आरशासारखे वागून त्यावर सोडलेले अवरक्त किरण थेट संवेदकावर परतवते. त्या क्षणाच्या जोरावरून दाब काढतात. सगळे काही मिलिसेकंदांत उरकते. पापणी मिटते तोवर आकडा आलेला असतो.

थेंब नकोत, स्पर्श नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरतो. त्यामुळे मोठ्या संख्येने लोक तपासायचे तर ही पद्धत सोयीची. जर्मनीतील माइन्त्स येथील गुटेनबर्ग आरोग्य अभ्यासात 35 ते 74 वयाचे सुमारे 15,000 रहिवासी होते. त्यांचा नेत्रदाब अशाच यंत्राने मोजला.

यंत्र खरे तर पारपटलाचा प्रतिकार मोजते. म्हणून जाड पारपटलात आकडा फुगतो, लेसिकनंतर (चष्मा घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेनंतर) पातळ झालेल्यात फसवा कमी येतो. शिवाय दाब नाडीच्या ठोक्यागणिक हलतो आणि झोत त्यातला एकच क्षण पकडतो. त्यासाठी निदान तीन मापांची सरासरी घेतात. पहिल्या फुंकरीला माणूस डोळे आवळतो, हेही आहेच. आकडा जास्त आला, तर गोल्डमान पद्धतीने खात्री करतात.

आकडा साधारण आला म्हणून काचबिंदू नाही, असे मात्र ठरत नाही. जपानमधील ताजिमी शहरात 2000–01 मध्ये चाळिशीपुढील रहिवाशांची पाहणी झाली, ती गोल्डमान पद्धतीने. प्राथमिक खुल्या कोनाचा काचबिंदू (निचऱ्याची वाट उघडी असूनही होणारा प्रकार) असलेल्यांपैकी 92 टक्के लोकांचा दाब 21 किंवा त्याहून कमी होता. अशा रुग्णाला ओळखायचे तर चेतेचे टोक आणि दृष्टिक्षेत्र तपासावे लागते. ते काम फुंकरीचे नव्हे.