पुस्तकं जळाली, साहित्य नाही

मे १९३३ मध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली आणि जर्मन साहित्य तिथंच संपलं, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. होळीचे फोटो खरे आहेत, म्हणून तो पटतोही. पण जळाल्या त्या प्रती. देशोधडीला लागलेले कितीतरी लेखक जर्मनमध्येच लिहीत राहिले आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्यांची पुस्तकं छापली जाऊ लागली! १९४० मध्ये हॉलंड नाझींच्या ताब्यात गेलं, तिथलं काम थांबलं. स्टॉकहोममध्ये मात्र छपाई सुरू राहिली, पुढे १९४२ मध्ये मेक्सिको सिटीतही. जर्मनीतला वाचक तेवढा तुटला. ही हानी मला सगळ्यांत मोठी वाटते. पडताळायचं असेल तर मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत भाषा जर्मन, प्रकाशनस्थळ ॲमस्टरडॅम, वर्ष १९३३ ते १९४० असं शोधा.